चरबी : नुसती साठवण नव्हे, निरोपही



"मी तर काटकुळा, मला कशी शुगर निघाली?" हा प्रश्न आता खेड्यापाड्यांत ऐकू येतो. मधुमेह म्हणजे ढेरीवाल्या शेटजीचा रोग, अशी आपली जुनी समजूत. ती आता टिकत नाही. याचे कारण समजून घ्यायचे तर चरबीकडे जरा निराळ्या नजरेने पाहिले पाहिजे.

चरबी ही शरीराची कणगी, हे खरे. पण ते अर्धेच खरे. आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. प्रत्येक पेशीभोवती पातळ आवरण असते आणि त्यात मुख्य भाग स्निग्ध पदार्थांचा. शास्त्रज्ञ त्यांना लिपिड म्हणतात. बाहेरचा निरोप पेशीच्या आत पोचवण्याचे काम यांतलीच काही लिपिडे करतात. ऊस तोडताना कोयता लागला तर जखम सुजते, ठणकते. तो ठणका वाढवणारे पदार्थही या आवरणातल्या लिपिडांपासूनच तयार होतात. ॲस्पिरिनची गोळी ते बनूच देत नाही, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवले. पुढे १९८२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता मधुमेहाकडे वळू. भंडारदऱ्याचे धरण १९२६ सालचे. तिथून सुटलेले पाणी प्रवरेतून ओझरच्या बंधाऱ्याला येते आणि डाव्या-उजव्या कालव्यांत शिरते. पण पाटकऱ्याला निरोपच पोचला नाही तर आपल्या चारीचे दार उघडणार कसे? कालवा तुडुंब आणि ऊस वाळतोय, अशी गत. मधुमेहात नेमके हेच होते. रक्तात साखर तुडुंब असते आणि स्नायूची पेशी उपाशी.

जेवण झाले की स्वादुपिंड इन्सुलिन सोडते. हे इन्सुलिन पेशीच्या दाराशी येऊन कडी वाजवते; दारातून साखर आत नेण्याचे काम त्याचे नाही. कडी वाजली की आवरणाच्या आतल्या अंगाला असलेल्या एका लिपिडला फॉस्फेटचा आणखी एक कण चिकटतो. ही झाली खूण. त्या खुणेपाशी आतली प्रथिने जमतात, निरोप पुढे जातो आणि साखर आत घेणारी दारे आवरणावर येऊन बसतात. म्हणजे इथला पाटकरी लिपिडच!

पण स्नायूत आणि यकृतात गरजेपेक्षा जास्त चरबी साठली, की डायॲसिलग्लिसरॉल नावाचे दुसरे लिपिड तिथे वाढते आणि इन्सुलिनचा निरोप वाटेतच अडवते. तेव्हा चरबी किती, एवढेच बघून भागत नाही. ती कुठे साठली हेही बघावे लागते. कातडीखालची चरबी त्या मानाने गरीब. पोटातली आणि यकृतातली मात्र खोडसाळ, आणि तराजूवर ती दिसत नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी विलायतेतले डॉक्टर मित्र जॉन युडकिन यांच्यासोबतचा आपला फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. याज्ञिक यांच्याच पथकाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत शेतकरी कुटुंबांतल्या गर्भार बायांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे हाडकुळी; स्नायू कमी, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून राहिलेली. म्हणजे या रोगाची पेरणी आईच्या पोटातच सुरू होते.

आपण साखरेवर जगणारी माणसे, तरी एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज. तो बहुतांशी यकृतात जातो आणि जास्त झाला की तिथे त्याची चरबी होऊ लागते. गूळ खाल्ला म्हणून सुटका नाही बरं का. गुळातही मुख्यतः तीच साखर. एखाद्या कपाने कुणी आजारी पडत नाही. पण दिवसाला आठ-दहा कप गोड चहा, मोटार घरबसल्या मोबाईलवरून चालू आणि बांधापर्यंत मोटारसायकल, हा हिशेब वेगळा आहे.

चालण्याने काय होते? काम करणारा स्नायू इन्सुलिनच्या निरोपाची वाट न बघता दुसऱ्या वाटेने साखर ओढून घेतो. वजन थोडे उतरले तरी यकृतातली चरबी लवकर कमी होऊ लागते. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरवर आणि बाईची ८० वर गेली, तर अंगाने सडपातळ असलात तरी रक्त तपासून घ्या. चालू असलेली गोळी मात्र आपल्या मनाने सोडू नका.

त्या सहा गावांत आणखी एक गोष्ट दिसली. ज्या बाया गरोदरपणात पालेभाजी, फळे आणि दूध जास्त वेळा घेत, त्यांची बाळे आकाराने मोठी होती. आपल्याकडे दूध काढले की किटली थेट डेअरीला जाते. घरात सून गर्भार असेल तर पेलाभर दूध त्याआधी बाजूला काढायला हवे.