बादल्यांच्या पाण्यावर सुटलेली आगगाडी

कोरियाच्या युद्धात (१९५०-५३) संयुक्त राष्ट्रांच्या निशाणाखाली १६ राष्ट्रांनी लढाऊ फौजा धाडल्या. मुदपाकखान्यात जी तारांबळ उडाली ती काय वर्णावी! शिधा अमेरिकन, पण तुर्कांना डुकराचे मांस वर्ज्य, ग्रीकांना ऑलिव्हचे तेल हवे, आणि थाई मंडळींचे भाताविना भागेना. घरी चार ठिकाणचे पाहुणे एकदम उतरले म्हणजे आपल्या गृहिणींची काय गत होते, ते आठवावे!

भारताने पाठविली ती ६० वी पॅराशूट फील्ड अँब्युलन्स. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज तिचे प्रमुख. डिसेंबर १९५० मध्ये चिनी फौजा प्याँगयाँगवर चालून आल्या. माघारीचा हुकूम सुटला, पण सामान न्यायला पुरेसे ट्रक नव्हते. औषधे, शस्त्रक्रियेची हत्यारे टाकून निघावे, तर उद्या जखमींवर उपचार करायचे कशाने? रंगराज सामान सोडायला तयार होईनात. शोधाशोध करता एक इंजिन हाती लागले. वाफेच्या इंजिनाची माहिती असलेले जवान पथकातच निघाले! बाकीच्यांनी रांग धरून बादल्या-बादल्यांनी बॉयलर भरला. पूल उडविला जाण्यापूर्वी गाडी नदीपार झाली.

हे सामान पुढे राष्ट्रकुल ब्रिगेडच्या कामी आले. तिच्यात ब्रिटिश होते, ऑस्ट्रेलियन होते. नंतर कॅनेडियनही आले. २३ मार्च १९५१ रोजी तर अमेरिकन छत्रीधारी सैनिकांबरोबर रंगराज व त्यांच्या काही सहकाऱ्यांनी मुनसानजवळ विमानातून उड्या घेतल्या, आणि उतरल्या जागी जखमींची शुश्रूषा सुरू केली. रंगराजांना महावीरचक्र मिळाले.