२०१४ चा ‘ड’ गट: तीन जगज्जेते आणि कोस्टा रिका

ब्राझीलच्या वर्ल्ड कपमधला हा गट आठवतोय? इटली ४, उरुग्वे २, इंग्लंड १, म्हणजे तिघांचे मिळून ७ वर्ल्ड कप! चौथा संघ कोस्टा रिका, ज्याला कुणी हिशेबातच धरलं नव्हतं.

त्यांनी उरुग्वेला ३-१ ने लोळवलं. मग इटली. ब्रायन रुईझचा हेडर क्रॉसबारच्या खालच्या बाजूला लागून गोलरेषेच्या आत पडला. गोललाइन तंत्रज्ञानाने शिक्कामोर्तब केलं, १-०! पाच बचावपटूंची शिस्त इतकी पक्की, की इटलीचे खेळाडू वारंवार ऑफसाइड सापडत होते. प्रशिक्षक पिंटोंना याचं श्रेय द्यावं तितकं थोडंच.

इंग्लंडशी ०-० बरोबरी, ७ गुण, गटात पहिला नंबर! उरुग्वे दुसरा, इटली, इंग्लंड थेट घरी. पुढे कोस्टा रिकाला उपांत्यपूर्व फेरीत नेदरलँड्सने हरवलं, तेही पेनल्टी शूटआउटमध्ये.