फिशर रँडम बुद्धिबळ

फिशर रँडम बुद्धिबळ अथवा बुद्धिबळ ९६० हा बुद्धिबळाचा एक उपप्रकार आहे. माजी विश्वविजेते बॉबी फिशर यांनी १९ जून १९९६ रोजी अर्जेंटिनातील ब्वेनोस आइरेस येथे तो जाहीर केला. पाठांतराने डावाची सुरुवात खेळण्याच्या प्रथेला आळा घालणे हा त्यामागील हेतू होता. सोंगट्यांची अदलाबदल करून खेळण्याची कल्पना त्याहून जुनी आहे. फिशर यांनी मांडणीला बंधने घालून किल्लेकोट कायम राखला.

मांडणी

प्यादी नेहमीच्या जागी असतात. मागील रांगेतील सोंगट्यांची जागा सोडतीने ठरते. दोन्ही उंट भिन्न रंगांच्या घरांत आणि राजा दोन हत्तींच्या मध्ये असावा लागतो. काळ्याची मांडणी पांढऱ्यासारखीच असते. उंटांना प्रत्येकी ४ घरे, वजिराला उरलेल्यांपैकी ६, आणि घोड्यांना शेष पाच घरांत १० प्रकार मिळतात. अखेरच्या तीन घरांत हत्ती-राजा-हत्ती हा क्रम ठरलेलाच असल्याने ४×४×६×१० = ९६० मांडण्या होतात. नेहमीची मांडणीही त्यांतच असून तिचा क्रमांक ५१८ आहे.

किल्लेकोट

राजा व हत्ती कोठूनही निघाले, तरी किल्लेकोटानंतर ते नेहमीच्याच घरांत पोहोचतात. त्यामुळे कधी राजा जागचा हलतही नाही. नवख्या खेळाडूंचा गोंधळ होतो तो येथेच.

संगणकीय इंजिने

संगणकालाही हीच अडचण येते. राजा एफ१ व हत्ती एच१ या घरांत असल्यास राजाची जी१ ही साधी खेळीही असू शकते आणि किल्लेकोटही. म्हणून स्टॉकफिशसारख्या इंजिनांशी संवाद साधताना किल्लेकोट 'राजाने स्वतःचा हत्ती घेतला' असा, म्हणजे एफ१एच१, लिहितात. तसेच किल्लेकोटाचा हक्क कोणत्या हत्तीबाबत शिल्लक आहे, हे कळण्यासाठी डावाच्या नोंदीत त्या हत्तीच्या उभ्या पट्टीचे अक्षर देण्याची पद्धत आहे.

सुरुवातीच्या खेळ्यांचे तयार संग्रह येथे निरुपयोगी ठरतात. मात्र इंजिनाचे बळ गणनेत व मूल्यमापनात असल्याने त्याचे फारसे बिघडत नाही. पाठांतराचा आधार जातो तो मुख्यतः माणसाचा. सर्व मांडण्यांत पांढऱ्याला सारखाच लाभ मिळत नाही, हेही इंजिनांच्या मूल्यमापनातून दिसते. त्यामुळे इंजिनांच्या परस्पर लढतींत एकच मांडणी रंग बदलून दोनदा खेळवतात.

विश्वविजेतेपद

फिडेची मान्यता असलेली पहिली विश्वविजेतेपद स्पर्धा २०१९ मध्ये झाली. नॉर्वेतील अंतिम लढतीत वेस्ली सो यांनी मॅग्नस कार्लसन यांना हरवले. २०२२ मध्ये हिकारू नाकामुरा रेक्याविक येथे विजयी झाले. फिशर यांनी १९७२ मध्ये विश्वविजेतेपद मिळवले ते याच शहरात.