ओलेइक आम्लाच्या थरावरून रेणूचे आकारमान व संख्या : प्रयोगाचा अर्थ आणि मूल्यमापन

सूचक शब्द : एकरेण्वीय थर, ओलेइक आम्ल, ॲव्होगॅड्रो संख्या, मापनातील त्रुटी.

प्रस्तावना

जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या (स्थापना १९९०) कार्यक्षेत्रात येतात. येथील महाविद्यालयांना अल्प खर्चात करता येईल असा एक प्रयोग म्हणजे पाण्यावरील तैलथरावरून रेणूचे आकारमान काढणे. त्यासाठी लागणारे ओलेइक आम्ल हे खान्देशात परिचित असलेल्या शेंगदाणा तेलातील एक प्रमुख मेदाम्ल होय. प्रयोग सोपा असला तरी त्याच्या उत्तराचे मूल्यमापन कसे करावे, हा प्रश्न सोपा नाही. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

चमचाभर तेल तळ्याच्या सुमारे अर्ध्या एकरावर पसरते, हे निरीक्षण बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७७४ मध्ये प्रसिद्ध केले; मात्र त्यावरून थराची जाडी त्यांनी काढली नाही. लॉर्ड रॅले यांनी १८९० मध्ये ऑलिव्ह तेलाच्या थराची जाडी सुमारे १.६ नॅनोमीटर असल्याचे दाखविले. जर्मनीत घरीच साध्या साधनांनी प्रयोग करणाऱ्या ॲग्नेस पॉकेल्स यांचे निष्कर्ष १८९१ मध्ये ‘नेचर’मध्ये आले. पुढे १९१७ मध्ये अर्व्हिंग लँगम्यूर यांनी असा थर एकाच रेणूच्या जाडीचा असतो, हे प्रतिपादन भक्कम केले.

तत्त्व व कृती

ओलेइक आम्लाच्या रेणूचे एक टोक जलस्नेही असून उर्वरित शृंखला जलविरोधी असते. त्यामुळे पुरेशी जागा मिळाल्यास रेणू पाण्यावर एकेरी थरात पसरतात.

१ मिलि आम्ल अल्कोहोलमध्ये मिसळून २० मिलि द्रावण करावे. त्यातील १ मिलि घेऊन पुन्हा ५० मिलि द्रावण करावे. म्हणजे विरलन १००० पट होते. रुंद, तेलाचा अंशही नसलेल्या परातीत ऊर्ध्वपातित पाणी घेऊन त्यावर लायकोपोडियमची भुकटी विरळ भुरभुरावी व मध्यभागी एक थेंब सोडावा. अल्कोहोल पाण्यात विरघळते, आम्ल भुकटीला बाजूस सारते व स्वच्छ वर्तुळ दिसते. ते स्थिरावल्यावर त्याचा व्यास निरनिराळ्या दिशांनी मोजून सरासरी घ्यावी.

येथे दोन स्थानिक बाबी महत्त्वाच्या आहेत. विहिरीच्या कठीण पाण्यातील कॅल्शियम मेदाम्लाशी संयोग पावून थराचे स्वरूप बदलते. म्हणून ऊर्ध्वपातित पाण्याचा आग्रह धरावा. तसेच खान्देशातील उन्हाळ्यात अल्कोहोल झपाट्याने उडून द्रावण तीव्र होते. द्रावण बूच लावून ठेवावे व शक्यतो हिवाळी सत्रात प्रयोग घ्यावा.

गणन

उदाहरणादाखल, १ मिलि द्रावणाचे ५० थेंब होतात व वर्तुळाचा व्यास १३ सेमी येतो असे मानू. एका थेंबात आम्ल ०.००००२ घ.सेमी असते. वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे १३३ चौ.सेमी येते. आकारमानास क्षेत्रफळाने भागल्यास जाडी सुमारे १.५ नॅनोमीटर मिळते.

रेणू उभा असून त्याची रुंदी व खोली उंचीच्या एकतृतीयांश आहेत असे गृहीत धरल्यास एका रेणूचे आकारमान ०.३८ घन नॅनोमीटर येते. आम्लाचा रेणुभार २८२.५ व घनता ०.८९५ असल्याने एका मोलचे आकारमान सुमारे ३१६ घ.सेमी असते. भागाकारावरून ॲव्होगॅड्रो संख्या ८.३ × १० चा २३ वा घात इतकी येते.

त्रुटींचा विचार

क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढते, जाडी त्याच प्रमाणात घटते आणि रेणूचे आकारमान जाडीच्या घनावर अवलंबून असते. साहजिकच अंतिम संख्या व्यासाच्या सहाव्या घाताप्रमाणे बदलते. व्यास १२ सेमी मोजला तर ५.१ आणि १४ सेमी मोजला तर सुमारे १३ हा आकडा (त्याच घाताने गुणलेला) मिळतो. वर्तुळाची कड वेडीवाकडी असल्याने एवढा फरक सहज संभवतो.

गृहीतकही तितकेच नाजूक आहे. ओलेइक आम्लाच्या शृंखलेतील दुहेरी बंध पाण्याकडे ओढला जातो व रेणू सरळ उभा राहत नाही. लँगम्यूर यांच्या मापनानुसार त्याच्या थराची जाडी अवघी १.१ नॅनोमीटर, तर दुहेरी बंध नसलेल्या स्टिअरिक आम्लाची सुमारे २.५ नॅनोमीटर होती.

मूल्यमापनाची दिशा

२० मे २०१९ पासून ॲव्होगॅड्रो संख्या व्याख्येनेच ६.०२२१४०७६ × १० चा २३ वा घात अशी निश्चित झाली आहे. परातीतील प्रयोगाने ती ‘पडताळण्याचा’ प्रश्नच उरत नाही. वरील उदाहरणात ६.० हे उत्तर येण्यास व्यास सुमारे १२.३ सेमी हवा. विद्यार्थ्यांच्या प्रयोगवहीत वारंवार ६.०२ आढळत असेल, तर ते योगायोगापेक्षा उत्तरावरून वाचने मागे जुळविल्याचे लक्षण समजावे. पाठ्यपुस्तकातील आकड्याशी जवळीक पाहून गुण दिल्यास या प्रवृत्तीस अध्यापकच खतपाणी घालतात.

त्याऐवजी किमान पाच थेंबांची प्रत्यक्ष वाचने, त्यांतील तफावत, गृहीतकांची नोंद व अंतिम उत्तराच्या संभाव्य मर्यादा यांना गुण द्यावेत. ५ ते १३ या पल्ल्यातील प्रामाणिक उत्तरही घाताच्या दृष्टीने योग्य ठरते.

निष्कर्ष

डोळ्यांना न दिसणारा रेणू साध्या मोजपट्टीच्या आवाक्यात आणणे, हे या प्रयोगाचे सामर्थ्य होय. त्या मापनावर किती विश्वास ठेवावा हे विद्यार्थ्यास सांगता आले, तरच प्रयोगाचा हेतू सफल झाला असे म्हणता येईल.