जमिनीचा जमाखर्च

सोलापूर जिल्ह्यांतील काळी जमीन ही आपली पिढीजाद ठेव आहे. भरणा न करितां दरसाल उचल केल्यास कोणतीही ठेव सरतेच. ज्वारीवर ज्वारी घेणें, कडबा बाजारांत विकणें व शेणाच्या गोवऱ्या थापणें, ही अशीच उचल होय.

आपल्या जमिनींत चुना व पालाश बहुधा पुरेसें असतें. उणीव असते ती नत्र, स्फुरद व सेंद्रिय अंशाची. त्यांतच पाऊस लहरी. सोलापुरास १९३३ सालीं कोरडवाहू शेतीच्या संशोधनास आरंभ झाला, तो याच अडचणींमुळें.

मध्यम खोल जमिनींतील कोरडवाहू रब्बी ज्वारीस हेक्टरीं ५० किलो नत्र व २५ किलो स्फुरद द्यावें, अशी शिफारस आहे. कुजलेल्या शेणखतांत नत्र शेंकडा सुमारें अर्धा भाग असतें. म्हणजे ५ टन खतांतून २५ किलो. मात्र तें सारें पहिल्याच वर्षीं पिकास लागू पडत नाहीं. युरियांत नत्र शेंकडा ४६ भाग असून तें त्वरित लागू पडतें, पण त्यानें जमिनीचा पोत सुधारत नाहीं. एकानें मुद्दल वाढतें, दुसऱ्यानें चालू खर्च भागतो. म्हणून दोन्ही हवींत. शेणखत पेरणीपूर्वीं पसरून वखरानें मिसळावें. रासायनिक खत दोन चाड्यांच्या पाभरीनें बियाण्याखालीं ओलींत पेरावें. कोरड्या मातीवर फेंकलेलें खत वायां जातें.

ज्यांच्या दावणीस आतां जनावरें उरलीं नाहींत, त्यांनींही निराश होऊं नये. सोलापूर केंद्रावरील दीर्घ मुदतीच्या प्रयोगांत निम्में नत्र शेणखतांतून वा पिकाच्या अवशेषांतून व निम्में सुबाभळीच्या पाल्यांतून देण्याची रीत हितावह ठरली आहे. बांधावरील झाड हेंही खताचें कोठार होय.

फेरपालटीस तर वेगळा दाम पडत नाहीं. हरभरा, तूर, मूग, उडीद यांच्या मुळांवरील गांठींतील जीवाणू हवेंतील नत्र धरून ठेवितात. परंतु हरभरा मुळासकट उपटून खळ्यावर नेल्यास त्यांतील लाभ रानास थोडाच मिळतो. विळ्यानें कापून मुळें जागींच राहूं द्यावींत. भारी जमीन व वेळेवर पाऊस असल्यास मूग वा उडदानंतर रब्बी ज्वारी घ्यावी. एरवीं एक साल ज्वारी, दुसऱ्या सालीं हरभरा हा क्रम पुरे.

सातबारावर पिकाची नोंद होते, खताची होत नाहीं. ती प्रत्येकानें गटवार स्वतःच्या वहींत ठेवावी: पीक कोणतें, खत किती गाड्या, पोतीं किती, उतारा किती. जोडीस दर तीन वर्षांनीं मातीची तपासणी करवावी. मुलांच्या हातीं सातबारा देतांना ही वहीही द्यावी, म्हणजे जमीन कोणत्या स्थितींत दिली, हें त्यांस कळेल.