पंचगंगा अडते तेव्हा

पोरांनो, आज पंचगंगेची गोष्ट ऐका. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या चौघी सह्याद्रीतून उड्या मारत येतात. पाचवी सरस्वती, ती गुप्त आहे असं आपली माणसं मानतात. प्रयाग चिखलीला संगम होतो आणि पंचगंगा निघते. कोल्हापूर ओलांडलं की जमीन सपाट होत जाते, नदी वळणं घेत सावकाश नरसोबाच्या वाडीला पोचते आणि कृष्णेला मिळते.

मिळते म्हणजे, कृष्णा आत घेईल तेव्हा! पाणी वाहायला उतार लागतो. इथं तो मुळातच नावापुरता. तिकडं कोयनेच्या खोऱ्यात धुवांधार पाऊस झाला की कृष्णा चढते आणि पंचगंगेचा उरलासुरला उतारही बुडतो. देवळाच्या दारात गर्दी अडली की मागची रांग वेशीबाहेर जाते ना, तसं पाणी मागं मागं पसरत जातं. याला म्हणायचं फूग. म्हणून शिरोळ तालुक्यात कधी लख्ख ऊन पडलेलं असतं आणि रानात पाणी चढत असतं. केवढं नवल आहे हे!

वाडीत चढतं पाणी दत्ताच्या पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळा होतो, लोक स्नानाला धावतात. पुराचा गाळ मळीच्या रानात बसतो, त्यावर ऊस पोसतो. काठच्या माणसाला नदी परकी नाहीच.

पण ओळखीवर फार विसंबू नये. 2019 च्या ऑगस्टमधल्या पुरात कित्येकजण घरातच थांबले, कारण 2005 च्या पुराचं पाणी त्यांच्या उंबऱ्याला लागलं नव्हतं. या वेळी ते आत शिरलं. सांगलीला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट. पाणी 57 फुटांवर गेलं.

मग कशावर नजर ठेवायची? आभाळावर नव्हे, फुटांवर. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याला 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका. राधानगरीकडंही कान हवा: शाहू महाराजांच्या त्या धरणाचे सात दरवाजे तलाव भरला की पाण्याच्या दाबानं आपसूक उघडतात आणि भोगावती फुगते. आणि इशारा झाला की पहिल्यांदा जनावरं हलवायची, रस्ते कोरडे आहेत तोवर. दावणीला म्हैस असेल तर घरधनी घर सोडत नाही, आणि नंतर नावेत माणसं बसतात, म्हैस बसत नाही.