घरचा डाव (भाग ६) : आधी टप्पे, मग रंग

मागच्या आठवड्यात पत्त्यांचा जोड निवडून झाला. आता चिप्स.

आखाजी (अक्षय्य तृतीया) आली की खान्देशात एकीकडे झोके बांधले जातात आणि दुसरीकडे पत्त्यांचे डाव बसतात. हिशेबाला चिंचोके, काडेपेटीच्या काड्या, काहीही चालतं. पोकरमध्ये मात्र एकाच हातात चार वेळा बोली लागते आणि दर वेळी चिंचोके मोजत बसलं की भिडू कंटाळतात. म्हणून स्वतःचा संच करून घ्यायची हौस येते. हौशी माणूस पहिल्यांदा रंग आणि चित्र ठरवायला बसतो, तिथंच गाडी चुकते. आधी ठरवायचे ते किमतींचे टप्पे.

त्यासाठी चाळीसगावकरांना फार लांब जायला नको. जवळच्या पाटण इथल्या 1207 सालच्या शिलालेखात, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. त्याच भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त सुरुवातीलाच नाण्यांचं कोष्टक येतं : 20 कवड्यांची काकिणी, 4 काकिणींचा पण, 16 पणांचा द्रम्म, 16 द्रम्मांचा निष्क. एका निष्काच्या 20,480 कवड्या झाल्या! बाजारपेठेला हे ठीक. पण रात्री अकरा वाजता कुणी द्रम्म मोडून मागितला तर 16 चिप्स मोजून द्यायला कोण बसणार? या कोष्टकात टेबलावर चालेल असा टप्पा एकच, चारपटीचा.

कॅसिनोतही हेच मुरलेलं आहे : 1, 5, 25, 100. पाचपट, पाचपट, चारपट. 1, 2, 5, 10 असा संच घेऊ नये. त्यात 2 ची चिप नुसती पडून राहते.

आठ भिडू, 1-2 चे ब्लाइंड (पत्ते वाटण्याआधीची सक्तीची बोली) आणि प्रत्येकी 200 गुण धरू. प्रत्येकाला 1 च्या 10, 5 च्या 18 आणि 25 च्या 4 द्या. बेरीज बरोबर 200. म्हणजे 256 चिप्स वाटण्यात गेल्या. कुणी हरून पुन्हा बसला तर त्याच्यासाठी 25 च्या 24 आणि 100 च्या 20 राखून ठेवा. एकूण 300. हजार चिप्सची पेटी दिसते छान, पण निम्मी कधी उघडत नाही.

आता रंग. थप्पी लागली की चिपचं तोंड दिसत नाही, दिसते फक्त कड. म्हणून कडेवर रंग किंवा पट्टा वेगळा हवाच, मग वरचं चित्र कितीही सुंदर असो. पिवळ्या दिव्याखाली लाल आणि तपकिरी, निळा आणि काळा यांची गल्लत होते. आणि लाल-हिरव्यातला फरक न कळणारा भिडू जवळपास प्रत्येक मोठ्या मित्रमंडळीत असतो. पट्ट्यांची संख्या बदलली की हा प्रश्न मिटतो.

कडेवर छपाई हवी असेल तर सिरॅमिक प्रकार घ्या. चिप साधारण 39 मिलिमीटर व्यासाची, 3.3 मिलिमीटर जाडीची येते. आत धातूची चकती घातलेली प्लॅस्टिकची चिप हातात जड लागते खरी, पण तिच्यावर बहुधा मधलं स्टिकरच तेवढं आपलं असतं. चित्र म्हणून पाटणादेवी नको, असं माझं मत. पत्त्यांच्या डावात देवीला कशाला ओढायचं? धुळ्याचा फाटा जिथून सुटतो त्या चाळीसगाव जंक्शनचं इंजिन शोभून दिसेल.

आणि ‘₹’ हे चिन्ह छापूच नका, नुसता आकडा ठेवा. पैसे लावून घरात डाव बसवला तर 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्याशी गाठ पडू शकते. गुणांवर खेळलं तर झोप शांत लागते.

पूर्ण संचाची ऑर्डर देण्याआधी प्रत्येक रंगाची एकेक नमुना चिप मागवा आणि ज्या दिव्याखाली डाव बसणार, त्याच दिव्याखाली ती पाहा.